दान आणि सावड

देशावरच्या शेतकऱ्यांत ‘सावड’ नावाची एक जुनी रीत आहे. एकाच्या गोठ्यात एकच बैल असतो, शेजाऱ्याच्या गोठ्यातही एकच. एका बैलाने नांगर चालत नाही. तेव्हा दोघे आपापले बैल एका जुवाला जुंपतात आणि आज तुझे वावर, उद्या माझे, अशी नांगरट उरकून घेतात. यात कोणी कोणावर उपकार करीत नाही, आणि कोणी कोणाची मजुरीही मोजून देत नाही. कोणाचा बैल अधिक देखणा याची चर्चा बांधावर होत असेल. पण जू मानेवर आले की दोघांनाही सारखेच ओढावे लागते. ट्रॅक्टर आल्यापासून ही रीत विरळ झाली आहे. शब्द मात्र खेड्यापाड्यांत अजून कानांवर येतो.

शाळेच्या जगात आम्ही दुसराच एक शब्द वापरतो. तो म्हणजे ‘ज्ञानदान’. माझ्या निरोपसमारंभात चार वक्ते बोलले आणि चौघांनीही ‘ज्ञानदानाच्या पवित्र कार्या’चा उल्लेख केला. शब्द मोठा गोड आहे. पण तो ऐकताना माझ्या मनात एक शंका डोकावत होती. ज्ञान ही एकाने द्यायची आणि दुसऱ्याने घ्यायची वस्तू आहे, की दोघांनी मिळून पिकवायची? हा नुसता शब्दांचा खेळ आहे असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. शाळेतल्या शास्त्राच्या कपाटाला कुलूप का लागते आणि मूल प्रयोगवहीत न पाहिलेले का लिहिते, इथपर्यंत हा प्रश्न जाऊन पोहोचतो.

अलीकडे शाळांत नवे तंत्र आणण्याची फार निकड वाटू लागली आहे. संगणक आले, मोठे पडदे आले. ते कसे वापरावे हे शिक्षकांना कळावे म्हणून त्यांची संशोधकांशी गाठ घालून द्यावी, असा विचार ठिकठिकाणी मांडला जातो. विचार चांगला आहे. माझे म्हणणे एवढेच, की ही गाठ दानाची असावी की सावडीची हे आधी ठरले पाहिजे. ते ठरले नाही तर सगळे तंत्र कपाटात जाऊन बसते.

दानाला मी कमी लेखीत नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली नाताळच्या सुट्टीतली व्याख्याने सुरू झाली. मायकेल फॅरडे हा त्या काळचा केवढा मोठा शास्त्रज्ञ! पण त्याने ती व्याख्यानमाला एकोणीस वेळा चालविली. त्यातली एक संपूर्ण माला साध्या मेणबत्तीवर होती. ज्योत का पेटते, तिच्यात काळोखा भाग कोठे असतो, जळून उरते ते काय, एवढ्या एका मेणबत्तीतून त्याने मुलांना रसायनशास्त्राची ओळख करून दिली. लहानपणी बुकबाइंडरकडे उमेदवारी करणाऱ्या ह्या माणसाला कुतूहलाची भूक काय असते हे ठाऊक होते. असे दान मिळणे हे भाग्यच. पण फॅरडे सभागृहातून निघून गेल्यावर सोमवारी सकाळी वर्गात कोण उभे राहते? तेथे शिक्षकच उभा राहतो. आणि त्याच्या हाती मेणबत्ती देण्याचा विचार सहसा कोणी केलेला नसतो.

दान म्हणून आलेल्या उपकरणाचे शाळेत काय होते ते सांगते. ते समारंभाने येते. हार, नारळ, छायाचित्र. मग त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होते. हे रजिस्टर म्हणजे शाळेच्या चीजवस्तूंची वही. एकदा तीत नाव चढले की वस्तू फुटल्याचा जाब शिक्षकाला द्यावा लागतो. प्रसंगी भरपाईही. दरवर्षी तपासणीच्या वेळी वस्तू मोजून दाखवाव्या लागतात. मग शिक्षक शहाणपणाने विचार करतो की, मुलांच्या हाती दिले तर फुटेल, कपाटात ठेवले तर मोजणीला पुरेल. कुलूप आळसाने लागत नाही, भीतीने लागते. देणाऱ्याचे नाव पाटीवर कोरले जाते आणि फुटण्याची जबाबदारी मात्र घेणाऱ्याच्या माथी येते, अशी ही वाटणी आहे.

आमची शाळा पुणे जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर. १९९६ साली जवळच्या एका संशोधनसंस्थेतले एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांना आम्ही डॉक्टरसाहेब म्हणत असू. पहिल्या खेपेस त्यांनी व्याख्यान दिले. ताऱ्यांची सुंदर चित्रे पडद्यावर दाखविली. मुले गप्प बसून ऐकत होती. शेवटी ‘काही शंका आहेत का?’ असे विचारताच नेहमीची शांतता पसरली. आम्ही शाल आणि श्रीफळ दिले. ते निघताना मला म्हणाले, “बाई, मुलांना आवडले, पण एकानेही मला अडवले नाही. माझे काही चुकले का?” मी म्हटले, “चुकले काही नाही. पाहुण्याला अडवायचे नसते, असे त्यांना घरी शिकविलेले आहे. तुम्ही पाहुणे म्हणून येऊ नका, शनिवारी दुपारी या. त्या वेळी आम्ही प्रयोग करतो.”

ते आले. आठवीच्या वर्गात पाण्याचा उत्कलनांक काढण्याचा प्रयोग होता. चार तिवया, चार स्पिरिटचे दिवे, चार बीकर आणि चार थर्मामीटर. पाणी खदखदू लागले. एका गटाला ९७ दिसले, दोघांना ९८, एकाला ९९. आणि तरीही, थोड्या वेळाने वह्या गोळा केल्या तेव्हा चारही गटांच्या वह्यांत एकच आकडा होता, १००! कोणी सांगितले नव्हते, कोणी नक्कल केली नव्हती. पुस्तकात शंभर होते, म्हणून वहीत शंभर आले.

डॉक्टरसाहेब त्या वह्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी वर्गाला विचारले, “थर्मामीटर ९८ म्हणतो, पुस्तक १०० म्हणते. खोटे कोण बोलते?” वर्ग माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मुलांना उत्तर हवे असले की ती बीकरकडे पाहत नाहीत, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहतात. हे मला ठाऊक होते, त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून मी खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिले. मग हळूहळू एकेकाचे तोंड उघडले. एक म्हणाला, थर्मामीटर स्वस्तातला आहे. दुसरा म्हणाला, आपलीच बघण्यात चूक झाली. तिसरी हळूच म्हणाली, “पुस्तक चुकलं असंल.”

तीन आरोपी मिळाले. आता तपास. थर्मामीटर खरा की खोटा हे कसे ठरवावे हे डॉक्टरसाहेबांनी सांगितले. वितळणाऱ्या बर्फात तो बुडवायचा आणि शून्य दाखवतो का ते पाहायचे. दोन मुले धावत जाऊन बर्फाच्या गोळेवाल्याकडून बर्फ घेऊन आली. एक थर्मामीटर बर्फातही एक अंश जास्त दाखवीत होता. ९९ दाखविणारा तोच. त्याचा एक अंश वजा केला आणि तोही ९८ वर आला. ९७ चा उलगडा मात्र माझ्याकडून झाला. त्या गटातला वाचणारा मुलगा वर्गात सर्वांत बुटका. टेबलावरच्या थर्मामीटरकडे तो खालून, तिरपे पाहत होता. त्याला मी स्टुलावर उभे केले. डोळा आकड्याच्या पातळीत आला आणि त्यालाही ९८ दिसले. डॉक्टरसाहेब हसून म्हणाले, “ही दुरुस्ती मला सुचली नसती.”

उरले पुस्तक. तेही खोटे नव्हते. समुद्रकाठी पाणी शंभर अंशांना उकळते. आपण जसजसे उंच जावे तसतसा वर हवेचा भार कमी होतो. तो भार पाण्याच्या वाफेला दाबून धरीत असतो. भार कमी झाला की पाणी थोड्या कमी उष्णतामानालाही उकळू लागते. ढोबळमानाने तीनशे मीटर चढले की एक अंश उतरतो. आमच्या गावाला सहाशे मीटर, म्हणून दोन अंश. महाबळेश्वरला गेले तर पंचाण्णव-शहाण्णवच. मग एका मुलीने विचारले, “म्हणजे तिकडं डाळ शिजायला वेळ लागत असंल?” लागतो, लागणारच. उकळते पाणीच कमी गरम असेल तर डाळीने काय करावे? आणि कुकर तेवढ्याचसाठी असतो. तो वाफ कोंडून भार वाढवतो आणि पाण्याला शंभराच्या पुढे, एकशेवीसच्या आसपास नेतो. दिवाळीच्या फराळात गुंतलेल्या माझ्या भगिनींना सांगायला नको, की शिट्टीचा अर्थ त्यांनी पुस्तकाआधीच ओळखलेला आहे.

त्या दुपारी कोणी कोणाला काय दिले? डॉक्टरसाहेबांजवळ एक गोष्ट होती जी माझ्याजवळ तितकी पक्की नव्हती. आकडा आणि पुस्तक यांत फरक पडला तर घाबरायचे नाही, आनंदाने तपास करायचा, ही सवय. माझ्याजवळ जे होते ते त्यांच्याजवळ नव्हते. मूल कोठे अडते, कोणाकडे पाहते, कोणते मूल सकाळी न खाता आले आहे आणि म्हणून दोन वाजता पेंगते, हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. ते वर्गात उभे राहूनच मिळते. दोघांचा एकेक बैल होता. नांगर चालला तो दोन्ही जुंपल्यामुळे.

ही गोष्ट येथे संपली असती तर किती बरे झाले असते! पण त्या वर्षी तालुक्यातल्या काही शाळांची मिळून सामायिक सहामाही परीक्षा होती. पेपर दुसऱ्या शाळेतले शिक्षक तपासत. प्रश्न आला, ‘पाण्याचा उत्कलनांक किती?’ डाळीचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने लिहिले, ‘समुद्रकाठी १००, आमच्या गावी ९८.’ तिचा गुण कापला गेला. ज्यांनी नुसते १०० लिहिले त्यांना तो मिळाला. चार दिवसांनी तिची आई शाळेत आली. शेतावर मजुरीला जाणारी बाई. उभ्या-उभ्याच म्हणाली, “बाई, पोरीनं डोळ्यानं बघितलेलं लिवलं, मग मार्क कशापायी कापला?”

ह्या प्रश्नाला मी आजही नीतिशास्त्रातला मोठा प्रश्न मानते. आपण मुलांना खरे बोला म्हणून सांगतो. खरे बोलणाऱ्याला एक गुण कमी देतो. मग मूल काय शिकते? सत्य दोन प्रकारचे असते, एक शनिवारच्या दुपारचे आणि एक परीक्षेतले, हे ते शिकते. पुढच्या आयुष्यात ते हा धडा विसरत नाही. मोठेपणी हिशेबाची वही लिहिताना, अहवाल लिहिताना, साक्ष देताना तो त्याच्या कामी येतो.

डॉक्टरसाहेबांना हे कळले तेव्हा ते संतापले. “मी परीक्षकांना पत्र लिहितो,” म्हणाले. मी त्यांना विनंती केली की तसे करू नका. मोठ्या संस्थेच्या कागदावरचे पत्र आले असते, तर गुण कदाचित मिळाला असता; पण परीक्षकाने पुस्तकाचा अधिकार सोडून पत्राचा अधिकार धरला असता, इतकेच. बीकरकडे त्यानेही पाहिले नसते. त्याऐवजी विषयशिक्षकांच्या पुढच्या बैठकीला मी पिशवीतून सामान घेऊन गेले. डॉक्टरसाहेब आले, मागच्या बाकावर बसले आणि सबंध वेळ एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचे ते न बोलणे मी त्यांचे सर्वांत मोठे सहकार्य समजते.

पाणी उकळले. एक ज्येष्ठ सहकारी पुढे झाले, त्यांनी वाचले, ९८. म्हणाले, “थर्मामीटर बिघडलेला असेल.” मी बर्फाचा डबा पुढे केला. शून्य. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, “तीस वर्षे शंभर सांगत आलो. कधी बघितले नाही.” त्यानंतर तासभर जी चर्चा झाली तशी मी शिक्षकांच्या बैठकीत क्वचितच ऐकली आहे. पुढच्या वर्षीपासून प्रश्नात ‘समुद्रसपाटीला’ हा शब्द घालायचे ठरले. त्या मुलीचा गुण मात्र परत मिळाला नाही. निकाल लागून गेला होता. आम्ही मोठी माणसे शहाणी झालो; त्याची किंमत तिने दिली. हे मला लपवून ठेवायचे नाही.

म्हणूनच, परीक्षेला हात न लावता वर्गात तंत्र आणू पाहणाऱ्यांविषयी मला धास्ती वाटते. हे ज्यांनी ओळखले होते असा एक मोठा प्रयोग आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात झाला. होशंगाबाद जिल्ह्यात (त्याला आता नर्मदापुरम् म्हणतात) १९७२ साली सोळा शाळांतून शास्त्रशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनी तो हाती घेतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधनसंस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ व प्राध्यापक तेथे जाऊन खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसत. प्रयोग आधी शिक्षकांनी स्वतः करून पाहायचे, अडले तेथे वाद घालायचा, आणि वर्गात जे चालले नाही ते धड्यातून बदलायचे. ‘बाल वैज्ञानिक’ ही त्यांची पुस्तके अशी घडली. शिक्षकांच्या मासिक बैठका होत. मुले ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक व्यक्तीला पत्रे लिहून प्रश्न विचारीत आणि त्यांना उत्तरे जात. आणि परीक्षा? पुस्तक उघडे ठेवून द्यायची, शिवाय प्रयोग करून दाखवायचा. पाठ केलेल्या शंभराला तेथे भाव नव्हता.

अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली तेथे गेले होते. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन आणि घनाकृतींचे सांगाडे बनविले. चौकोन दाबला तर कलतो, त्रिकोण कलत नाही; पुलांत आणि छपरांत त्रिकोणच का असतात हे मुलाच्या बोटांना कळते. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी अनेक वर्षे अशीच खेळणी केली. हेही तंत्रच आहे. फक्त त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये करावी लागत नाही. मोडले तर शिक्षक घाबरत नाही, आणि शिक्षक घाबरत नाही म्हणून मूल हात लावते.

होशंगाबादचा कार्यक्रम सोळा शाळांवरून सुमारे हजार शाळांपर्यंत वाढला. २००२ साली राज्यशासनाने तो बंद केला. तीस वर्षांचे काम एका निर्णयाने थांबले. त्यामागच्या राजकारणात मी शिरत नाही. एवढेच म्हणते, की असे काम उभे राहायला एक पिढी लागते आणि मोडायला एक कागद पुरतो.

टाटा संस्थेनेच १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञानशिक्षण केंद्र काढले. त्या केंद्राने आरंभीच्या काळात आपल्या जळगाव जिल्ह्यात, खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केले. विज्ञान शिकविताना तेथे आणि इतरत्र त्यांना जे अडथळे दिसले त्यांत एक मोठा अडथळा भाषेचा होता. पुस्तकातली जड संस्कृतप्रचुर भाषाच मुलांना अडवीत होती. शास्त्र दुर्बोध नव्हते, वाक्ये दुर्बोध होती. ही गोष्ट खेड्यातला कोणताही अनुभवी शिक्षक सांगू शकला असता. पण त्याला कोणी विचारीत नाही. शास्त्रज्ञ येऊन बसले आणि त्यांनी पाहिले, तेव्हा ते ज्ञान कागदावर आले.

याउलटचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. एम. आय. टी. मधल्या झॅकरायस नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने १९५६ साली शाळांसाठी पदार्थविज्ञानाचा नवा अभ्यासक्रम तयार करण्यासाठी एक समिती उभी केली. पुढच्याच वर्षी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि त्या कामाला पैशाचा पूर आला. थोर शास्त्रज्ञांनी पुस्तक लिहिले, चित्रपट काढले, साधी आणि कल्पक उपकरणे बनविली. काम खरोखर उत्तम होते. पण त्या काळच्या अशा एकूण प्रयत्नांवर पुढे एक टीका झाली. शिक्षक कसाही असला तरी बिघडू नये असा अभ्यासक्रम रचण्याची हौस तेथे बळावली होती. शिक्षक म्हणजे जणू नळ. वरून चांगले पाणी सोडले की खाली चांगलेच येईल. नळाला सावडीत कोणी घेत नाही.

आता माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप येतील त्यांची मला कल्पना आहे. पहिला असा, की शिक्षकच वर्गात ‘मला ठाऊक नाही’ म्हणू लागला तर त्याचा मान कसा राहील? माझा अनुभव उलट आहे. उतू जाणाऱ्या दुधाबद्दल एकदा एका मुलाने विचारले, “बाई, दूध वर येते, पाणी का नाही?” मी डॉक्टरसाहेबांकडे पाहिले. ते म्हणाले, “मी याचा कधी विचार केला नाही. शोधू या.” एवढा मोठा माणूस ‘शोधू या’ म्हणतो हे पाहून मुलांना तो लहान वाटला नाही, आपण मोठे झाल्यासारखे वाटले. (पुढच्या शनिवारी उत्तर मिळाले. दुधातली प्रथिने आणि स्निग्धांश मिळून वर एक पडदा धरतात. वाफेचे बुडबुडे त्यात कोंडतात आणि साऱ्या पडद्याला उचलून बाहेर येतात. पाण्यात बुडबुडा फुटून मोकळा होतो.) मान जातो तो न कळण्याने नव्हे, न कळलेले झाकण्याने जातो.

दुसरा आक्षेप असा, की संशोधकाचा वेळ मोलाचा. त्याने नवे शोध लावावेत, आठवीच्या वर्गात बर्फ का वितळवावा? ह्यात तथ्य नाही असे नाही. प्रत्येक संशोधकाला हे जमणार नाही आणि जमावे असा हट्टही धरू नये. पण त्याची प्रयोगशाळा ज्या पैशावर चालते तो बहुतांशी सार्वजनिक असतो. त्या पैशात शेतावर मजुरीला जाणाऱ्या त्या आईचा, काडेपेटीसारख्या ज्या वस्तू ती विकत घेते त्यांतून गेलेला वाटा असतो. तिच्या मुलीसाठी महिन्यातून एक दुपार म्हणजे दान नव्हे, देणे आहे.

तिसरा आक्षेप खरा अवघड आहे. ही भागीदारी बरोबरीची होऊ शकते का? संशोधकाला प्रतिष्ठा असते, शिक्षकाला नसते. कार्यक्रमाचा अहवाल लिहिला जातो तेव्हा वर संशोधकांची नावे येतात आणि शेवटी ‘सहभागी शिक्षकांचे आभार’. सावडीत नांगरलेल्या शेताला दोघांचे नाव लागत नाही हे खरे. पण तेथे निदान उद्या दुसऱ्याचे वावर नांगरले जाते. ज्या योजनेत शिक्षकाचे नाव, शिक्षकाचा प्रश्न आणि शिक्षकाचा नकार ह्या तिन्हींना जागा नाही, तिला भागीदारी म्हणू नये. विशेषतः नकाराला. ‘हे उपकरण आमच्या वर्गात चालणार नाही’ असे म्हणण्याची ज्याला मुभा नाही तो भागीदार कसला?

आता पडद्याकडे वळते. संगणकावर पाणी उकळण्याचा प्रयोग मी पाहिला आहे. चित्र सुबक, बुडबुडे सुंदर आणि उत्तर दर वेळी १००. जुन्नरला १००, महाबळेश्वरला १००. त्या पडद्यात बर्फ आणायला कोणाला धावावे लागत नाही आणि बुटक्या मुलासाठी स्टूल लागत नाही. म्हणजे आमच्या मुलांनी भीतीने जे वहीत लिहिले तेच हे यंत्र न भिता लिहिते. अर्थात दोष यंत्राचा नाही. उंचीचा आकडा बदलता येईल असे चित्र तयार करणे कठीण नाही. ते करायला सांगणारा शिक्षक त्या खोलीत हवा. तेच तंत्र उलट्या बाजूने आले तर सोने होते. उष्णतामान दर सेकंदाला टिपणारी तार बीकरमध्ये सोडली, तर पाणी तापत तापत वर चढणारी रेषा उकळी फुटताच कशी आडवी होते ते मुलाला समोर दिसते. खाली जाळ चालूच आहे, रेषा मात्र हलत नाही. ती उष्णता गेली कोठे? असा प्रश्न पडला की तंत्राने आपले काम केले.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदाच्या घड्यांतून एक सूक्ष्मदर्शक तयार केला; २०१४ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. बारीकशा भिंगातून तो वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो आणि खिशात मावतो. शाळेच्या कपाटातला पितळी सूक्ष्मदर्शक वर्षातून एकदा बाहेर येतो आणि पन्नास मुले रांगेने त्यात एकेक क्षण डोकावतात. कागदाचा सूक्ष्मदर्शक मूल घरी नेते आणि रांजणातले पाणी पाहते. मग दुसऱ्या दिवशी ते शिक्षकाला असे काही विचारते जे शिक्षकाने कधी पाहिलेले नसते. त्या क्षणी शिक्षकामागे कोणीतरी उभे असावे लागते, ज्याला तो निःसंकोच फोन करू शकेल. कागदाचे भिंग स्वस्त आहे. तो फोन उचलणारा माणूस दुर्मिळ आहे.

दिवाळीच्या सुट्टीत घरोघर मंडळी जमतात. तुमच्या नात्यागोत्यात कोणी प्रयोगशाळेत असेल, कोणी कारखान्यात मोजमापाचे काम करीत असेल, कोणी रुग्णालयात रक्त तपासत असेल. गावच्या शाळेला काही द्यावे असे त्यांच्या मनात आले तर त्यांना एवढेच सुचवा, की वस्तू देण्याआधी एक दुपार द्या, आणि त्या दुपारी भाषण करू नका. शिक्षकाला विचारा, ‘तुमचे काय अडते?’ उत्तर ऐकायला वेळ लागेल. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला फारसा कोणी विचारलेला नाही.

आणि आईवडिलांना माझी एक विनंती आहे. सहामाहीचा निकाल हाती आला असेल. कापलेल्या गुणांपैकी एखादा असा सापडेल, जो मुलाने डोळ्यांनी पाहिलेले लिहिल्यामुळे गेला आहे. त्या गुणाबद्दल रागावू नका. तो कशासाठी गेला हे विचारायला शाळेत जा. त्या आईसारखे, उभ्या-उभ्याच का होईना, विचारा.